आपला तो पांढरा साका आठवतो का?

प्रिय नीलू,

अगं काल मी जहाज बघून आले, समुद्राचा अभ्यास करणारं, खरंखुरं रिसर्च शिप. दोनच दिवस बंदरात होतं आणि लोकांना आत सोडत होते, मग काय, सुट्टी टाकली आणि गेले. फोनवर सांगणार होते पण हे नीट लिहूनच सांगावंसं वाटलं, कारण यात तू पण आहेस.

ब्रिज, झोपायच्या खोल्या वगैरे सगळं फिरवलं, छान होतं, पण मला मागच्या डेकवरून हलवेचना. तिथे माणसाएवढी उंच एक गोल लोखंडी चौकट, तिच्याभोवती 24 करड्या बाटल्या उभ्या लावलेल्या, आणि खाली खारेपणा, तापमान, खोली मोजणारे सेन्सर, त्याला सीटीडी म्हणतात. बाटल्या खाली जाताना दोन्ही टोकांना उघड्या असतात, पाणी नुसतं आरपार जातं, आणि वर येताना ज्या खोलीचं पाणी हवं तिथे थांबून जहाजावरून सिग्नल देतात की एकेक फटकन बंद होते. विंचवरून, म्हणजे दोर सोडायच्या यंत्रावरून, सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे चार हजार मीटर खाली जायलाच तासाच्या वर गं! आणि हे रात्री तीनला पण चालू, पाळ्या लावून.

एका काकांनी विचारलं, आता सॅटेलाइट आहेत मग बाटल्या कशाला? मला पण तोच प्रश्न होता खरं तर. तर सॅटेलाइटला पाण्याचा वरचाच थर दिसतो. आर्गो नावाच्या प्रकल्पाचे तरंगते फ्लोट आहेत, जगभर चारेक हजार, ते दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवरून वर येऊन आकडे पाठवतात, पण त्यांचे सेन्सर बरोबर चाललेत का हे शेवटी जहाजावरच्या मोजमापाशीच ताडून बघावं लागतं. मला हे फार आवडलं, की शेवटचा भरवसा हाताने भरलेल्या बाटलीवर आहे.

आणि आता ऐक. बाटली वर आली की ऑक्सिजन मोजायचं पाणी आधी काढतात, हवा लागली की आकडा बिघडतो म्हणून. रबरी नळी काचेच्या छोट्या बाटलीच्या तळापर्यंत घालायची, एकही बुडबुडा येऊ द्यायचा नाही, पाणी चांगलं ओसंडू द्यायचं. मग मॅंगनीजचं द्रावण, मग अल्कली आयोडाइड, झाकण लावून हलवायचं आणि तपकिरी साका खाली बसतो. नीलू, विंकलर! पाण्यातला ऑक्सिजन मोजायची 1888 ची पद्धत, आपण सेकंड इयरला केलेलं प्रॅक्टिकल! जहाजावरच्या एका मुलीने माझ्यासमोर करून दाखवलं आणि माझा हात आपोआप झाकण धरायला पुढे गेला. तिने धरू दिलं, तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

मग ती म्हणाली, जेवढा ऑक्सिजन जास्त तेवढा साका गडद, आणि अरबी समुद्रात काहीशे मीटरवर असे थर आहेत जिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, तिथलं पाणी घेतलं तर साका पांढराच राहतो.

आठवलं? सरांनी एकदा उकळून गार केलेलं पाणी दिलं होतं आणि आपला साका पांढरा आला, बाकी सगळ्यांचा तपकिरी. आपण एवढ्या घाबरलो की तू सगळं बेसिनमध्ये ओतलंस आणि शेजारच्या टेबलवरचं रीडिंग उतरवून घेतलं. आपलं बरोबर होतं गं. उकळलेल्या पाण्यात ऑक्सिजन उरतोच कुठे, सरांना तेच दाखवायचं असणार. मी तिथेच त्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, जहाजावर पहिल्यांदा पांढरा आला तेव्हा ती पण दुसरी बाटली भरायला धावली होती.

तुझ्याकडे जर्नल अजून आहे ना, माळ्यावर वगैरे? त्या पानाचा फोटो काढून पाठव. आणि असं जहाज तुझ्याकडे कधी आलं तर मुलांना घेऊन जा, डेकवर जरा जास्त वेळ थांब.

तुझीच,
मंजू