मोठेबाबांना पत्र : पितळी टोकांचा चाकू

स्पोकेन, वॉशिंग्टन राज्य
दिवाळीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप मोठेबाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी पाठवलेला बक कंपनीचा ११० नंबरचा घडीचा चाकू पोचल्याचं दादानं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात तेही सांगितलं. "अबे, चाकू तं चाकू. एवढ्या पैशात अख्ख्या गल्लीले विळे आले असते." बरोबर आहे, आले असते. आणि आपल्या लोहाराच्या हातचे आले असते तर पुढची कितीतरी वर्षं पाहायचं काम नव्हतं. पण तुम्ही पुढं असंही विचारलंत म्हणे, की त्यात एवढं आहे तरी काय. फोनवर हे जमणार नाही. तुम्हाला ऐकू कमी येतं, आणि इथं अपार्टमेंटमध्ये उभं राहून चाकू-चाकू ओरडलो तर शेजारी पोलिसांना बोलावतील. म्हणून पत्र लिहितो. दादाकडून मोठ्यानं वाचून घ्या, मधे मधे तो शब्द खाईल ते सोडून.

आधी मोठीआईची भीती. तिला सांगा, हा खटक्याचा चाकू नाही. बटण दाबलं की सपकन पातं बाहेर येतं तो रामपुरी. आपल्या लोकांनी तो सिनेमात पाहिला आणि घडीचा चाकू म्हणजे गुंडाचाच, असं डोक्यात बसलं. हा दोन हातांनी, नखानं ओढून उघडावा लागतो. भांडणात काढून उघडेस्तोवर समोरचा घरी जाऊन जेवून येईल. पातं पावणेचार इंचांचं. शस्त्रांच्या नियमात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं आलं की परवान्याचा प्रश्न येतो, आणि शेतीची अवजारं त्यातूनही वगळलेली आहेत. ज्या पोरासोबत चाकू पाठवला, त्यानं विमानात आणला तो सामानाच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नव्हे. तेव्हा काळजी नसावी.

नाव त्याचं शिकारीचा चाकू, हे खरं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचं नाव काढायचं काम नाही. रोही, म्हणजे नीलगाय, रात्रीतून तूर फस्त करून गेला तरी आपण टॉर्च घेऊन धुऱ्यावर हुसकत बसतो. इथं मात्र सरकार परवाना देतं, हंगाम ठरवून देतं आणि ऑक्टोबर लागला की माझ्या कामावरची अर्धी माणसं हरणाच्या गोष्टी बोलतात. माळकरी माणसाला हे सगळं सांगत नाही, पण चाकू कशासाठी जन्मला ते कळल्याशिवाय त्याची घडण कळत नाही.

आता तुमच्या आवडीचा भाग. हा चाकू लोहाराच्या घरातून निघालेला आहे. हॉइट बक नावाचा पोरगा कॅन्सस राज्यात लोहाराकडे काम शिकत होता, १९०२ची गोष्ट. धार जास्त टिकावी म्हणून पोलाद कसं तापवायचं, त्याला पाणी कसं द्यायचं, म्हणजे थंड करून कडक कसं करायचं, याचे त्यानं नाना प्रयोग केले. लोखंड कुठलं वापरायचा? झिजून फेकलेल्या कानशी. हे वाचलं आणि मी हसलो, कारण आपल्या लोहाराकडं कोपऱ्यात पडलेल्या कानशी आणि ट्रकचे कमानपाटे मला तसेच्या तसे दिसले. पुढं हा माणूस पाद्री झाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं लोकांना सांगितलं, सैनिकांसाठी चाकू द्या. याच्याकडं द्यायला चाकू नव्हते. तर यानं ऐरण, भट्टी आणि घासायचं चाक आणून चर्चच्या तळघरातच लोहारकाम मांडलं. वर प्रार्थना, खाली घण. हे आयडाहो राज्यातलं माउंटन होम गाव. युद्ध संपल्यावर तो सॅन दिएगोला मुलाकडं गेला, १९४७ मध्ये बापलेकांनी मिळून दुकान काढलं आणि दोन वर्षांत बाप गेला. मुलगा ॲल बक यानं धंदा धरून ठेवला. १९६४ मध्ये बाजारात आलेला हा ११० नंबरचा चाकू त्याच्या काळातला. २००५ मध्ये कंपनी कॅलिफोर्निया सोडून आयडाहोतल्या पोस्ट फॉल्सला आली. आपल्या वरूडपासून मोर्शी जेवढं लांब, तेवढंच ते गाव माझ्या घरापासून असेल. येता-जाता हायवेवरून दिसतं.

त्याआधी शिकारी काय वापरायचे? एक तर कमरेला लटकवायचा लांब, न घडीचा चाकू. मजबूत, पण गाडीत बसलं की मांडीला टोचतो, झुडपात अडकतो. नाहीतर खिशातला घडीचा चाकू, ज्याचं पातं नुसत्या कमानीच्या जोरावर उघडं राहतं. जोर चुकीच्या बाजूनं बसला की ते बोटांवर मिटतं. पात्याला अडकवणारी पाठीवरची पट्टी जुनीच युक्ती होती, या लोकांनी ती शोधली नाही. पण ती इतकी जाड आणि भक्कम केली, की घडीच्या चाकूवर लांब चाकूइतका भरवसा टाकता यावा. सगळी करामत एवढीच आहे. नंतर जगभर किती कंपन्यांनी त्याची नक्कल केली याला हिशेब नाही. लाकूड आणि पितळेचा घडीचा चाकू बाजारात कुठंही पाहिला तर तो बहुतेक याचाच चुलतभाऊ.

तो हातात घेऊन पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. डाव्या हातात मूठ धरा. पात्याला वरच्या बाजूला एक बारीक खाच आहे, त्यात उजव्या अंगठ्याचं नख घाला आणि ओढा. अर्ध्यापर्यंत पातं जड जातं, मधेच सोडलं तर परत मिटायला बघतं. तसंच ओढत राहा. शेवटच्या बोटभर अंतरात ते आपोआप पुढं जातं आणि 'कट्' असा आवाज होतो. हा आवाज म्हणजे पाठीवरच्या पट्टीचा दात पात्याच्या बुडाच्या खाचेत पडला. आता पातं हलवून पाहा, हलणार नाही. मिटवायचं असेल तर मुठीच्या मागच्या टोकाला पट्टी जिथं उघडी दिसते तिथं अंगठ्यानं दाबा, दात वर उचलला जातो आणि पातं सुटतं. मिटताना बोटं मधे नकोत. त्याची कमान जोरदार आहे आणि तुमच्या हाताला आता जुनी चपळाई नाही, रागावू नका. त्या एका कमानीपलीकडं कसलीही जादू नाही, चार-सहा तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा काय करतो ते डोळ्यांना दिसतं. मला वाटतं साठ वर्षं लोक तो घेत राहिले याचं अर्धं कारण हेच असावं.

पोलादाबद्दल तुम्ही हमखास विचाराल. सुरुवातीला ४४० सी नावाचं वापरायचे, आता बरीच वर्षं ४२० एचसी वापरतात. चाकूचे शौकीन या नव्या पोलादाला नाक मुरडतात, म्हणतात हे साधं, स्वस्तातलं. कागदावर त्यांचं बरोबरही आहे. पण त्याला पाणी द्यायची रीत पॉल बॉस नावाच्या जाणकारानं बसवून दिली, त्याचं सगळं आयुष्य पोलाद तापवण्यात आणि थंड करण्यात गेलं. त्या रीतीनं हे साधं पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५८च्या आसपास कडक होतं. धार टिकते, मोडत नाही, गंज लवकर धरत नाही, आणि मुख्य म्हणजे बोथट झालं तर घरच्या सहाणेवर पाच-दहा मिनिटांत परत लागतं. महागड्या पोलादाला हिऱ्याची सहाण लागते आणि तास जातो. वरूडच्या बाजारात कमानपाटा कुणालाही मिळतो, तरी पोळ्याच्या आधी विळे पाजवायला चार गावं सोडून लोक आपल्याच लोहाराकडं का येतात, ते तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं.

आता त्याची खोड सांगतो, नाहीतर म्हणाल पोरगा कंपनीचा एजंट झाला. जड आहे. दोनशे ग्रॅम. पँटच्या खिशात टाकला तर पँट खाली येते, म्हणून कातडी म्यान देतात. एका हातानं उघडत नाही. हरीण सोलताना रक्त आणि चरबी सांध्यात जाऊन बसते, मग गरम पाण्यानं धुऊन काडीनं टोकरत बसावं लागतं. त्यामुळे इथले नवे शिकारी दाढीच्या पात्यासारखी बदलती पाती असलेले हलके चाकू घेतात. बोथट झालं की फेका, नवं लावा. खुद्द या कंपनीनंच ११० ची प्लास्टिकच्या मुठीची आवृत्ती काढली आहे, वजनानं निम्मी. अकलेचा हिशेब केला तर तीच घ्यावी.

तरी लोक पितळेचीच घेतात. माझ्या कामावरच्या एकाकडं त्याच्या वडिलांचा आहे. मी तो हातात घेऊन पाहिला. आबनुसी मूठ हातानं घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली, पितळी टोकांवर बारीक ओरखडे, आणि पातं इतक्या वेळा सहाणेवर गेलेलं की नवीनच्या शेजारी ठेवलं तर अंगानं चांगलं पाव इंच कमी भरेल. कुलूप मात्र तसंच, कट्. त्याच्या शेजारी मी तुमच्यासाठी घेतलेला ठेवला, तर सख्खे भाऊ वाटले. आकार तोच, खाच तिथंच, वजन तेवढंच. बापाचा हात ज्याला सरावला तोच चाकू पोराच्या हाताला पहिल्या दिवसापासून ओळखीचा. हलक्या चाकूत सोय आहे हे मला मान्य आहे. पण दरवर्षी रूप बदलणाऱ्या वस्तूंच्या दुकानात एक वस्तू बदलायला तयार नाही, आणि तरी खपते, याचं मला फार अप्रूप वाटतं. शिवाय घडणीत दोष निघाला तर कंपनी आयुष्यभर दुरुस्त करून देते. अर्थात वरूडहून आयडाहोला पाठवायचा खर्च चाकूएवढाच येईल, म्हणून तसली वेळ आणू नका.

वापरायचं कसं ते नीट ऐका. संत्र्याचे डोळे भरायला, म्हणजे कलम करायला, हा घेऊ नका, कृपा करून. याचं पातं दोन्ही अंगांनी आत खोलगट घासलेलं आणि पाठीला जाड आहे. जंबेरीच्या खुंटाच्या सालीत इंग्रजी टीच्या आकाराचा काप घेताना साल फाटेल, डोळा काढताना लाकूड सोबत येईल. त्याला तुमचा तो जुना पातळ चाकूच, मागं हाडाचं चपटं टोक असलेला. हा घ्या ठिबकची नळी कापायला, खताच्या पोत्याचं तोंड सोडायला, टेकूच्या बांबूची सुतळी कापायला, बैलाच्या गळ्यात नायलॉनचा दोर अडकला तर एका झटक्यात तोडायला. याचं टोक बारीक आहे. त्यानं डबे उघडू नका, खिळे उपटू नका. तेवढं काम दादाच्या पेचकसाला करू द्या. आणि हुरड्याच्या दिवसांत पोरांना दाखवायला म्हणून हातात देऊ नका, त्या कट् आवाजाच्या नादानं एखाद्याचं बोट जाईल.

पावसाळ्यात म्यानात ठेवू नका. कातडं कमावायला वापरलेल्या कसामुळं पितळ हिरवं पडतं आणि पात्यावरही डाग येतात. म्यान फक्त कमरेला लावून वावरात जायला. घरी आल्यावर चाकू उघडा करून पुसायचा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, फडताळात कोरडा ठेवायचा. पितळ काळं पडलं तर मोठीआई देवाची भांडी घासते त्या चिंचेनं घासलं तरी चालेल, पण लगेच धुऊन कोरडं करायचं, लाकडाला चिंच लागू द्यायची नाही. काही लोक मुद्दाम काळंच पडू देतात. मला काळंच आवडतं, पण तुमच्या घरात काळं पितळ टिकेल असं वाटत नाही.

एक काम आहे. पुढच्या वेळी लोहाराकडं जाल तेव्हा चाकू सोबत न्या. त्याला पात्यावरून नख फिरवू द्या, सहाणेवर दोन हात मारू द्या, वाटल्यास कानस लावून पाहू द्या. विस्तवाजवळ मात्र नको. पाणी कसं बसलंय यावर तो काय म्हणतो ते जसंच्या तसं मला कळवा, शिव्या दिल्या तर शिव्यांसकट. इथल्या शौकिनांचं मी पुष्कळ वाचलं, मला त्याचं मत पाहिजे.

मृगाचा बहार कसा धरला, डिंक्या रोगानं किती झाडं गेली, विहिरीला पाणी किती, सगळं दादाला लिहायला सांगा. मोठीआईचे गुडघे कसे आहेत? तिच्यासाठी पाठवलेलं मलम चाकूच्याच पाकिटात होतं, ते कुणी उघडलं की नाही अजून?

सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकला