'तू येशील' ते 'तू आलास': सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी परळला राहतो आणि गेली पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वाजवतो. गणपती, नवरात्र, २६ जानेवारीची चाळीतली सत्यनारायणाची पूजा, हळदी, कोळीवाड्यातले साखरपुडे, जिथली सुपारी मिळेल तिथे आमचा टेम्पो जातो. कुठल्या गाण्याला माणसं उठून नाचतात, कुठल्या गाण्याला बायका पदर तोंडाला लावून हसतात आणि कुठल्या गाण्याला एखादा मुलगा खाली मान घालून गर्दीतून निघून जातो, हे मी मंचाच्या डाव्या कोपऱ्यातून इतकी वर्षं पाहतो आहे. मी समलिंगी आहे. आईला माहीत आहे, ऑर्केस्ट्रातल्या चौघांना माहीत आहे. खोलीच्या मालकाला माहीत नाही, म्हणून हे पत्र जाहीर करताना माझं नाव गाळलं आहे. आपल्या कार्यालयात दिलेल्या प्रतीवर ते आहे. मंचावर आणि गाण्यांत आमच्यासारख्यांची होणारी टिंगल, आणि मराठी गाण्यात आमच्या प्रेमाला नसलेली जागा, याबद्दल हे पत्र आहे.

२०१८ सालची गोष्ट सांगतो. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं प्रेम समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून मोकळं झालं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात लिहिलं की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची, हा शब्द मी आईला दोनदा वाचून दाखवला. बरोबर सातव्या दिवशी, १३ सप्टेंबरला, गणपती बसले.

त्याच गणपतीत एका मंडळात आमचा कार्यक्रम होता. मध्ये वाडीतल्या पोरांचे नाच होते. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा लावणीवर नाचायला आला. कमरेला आईची ओढणी, पायात कुणाकडून तरी मागून आणलेले घुंगरू, एका पायाला जरा सैल. पण पोरगा तालाचा पक्का होता, एकदाही सम चुकली नाही. दुसऱ्या कडव्याला त्याने मान वेळावली आणि निवेदकाने माईकवर विचारलं, "हा बाळ्या आहे की बाळी?" हशा झाला. मागून कुणीतरी "छक्का" म्हणून ओरडलं. आणि मी सहा नंबरच्या पॅडवर काठी मारली.

त्या पॅडवर स्प्रिंग सुटल्यासारखा 'टॉइंग' आवाज लावलेला असायचा. बायकी चालीचं पात्र मंचावर आलं की तो वाजवायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. मला त्या रात्री कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. मुलगा थांबला. त्याने निवेदकाकडे पाहिलं नाही, ओरडणाऱ्याकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं, कारण तोवर मी त्याला ताल देत होतो. मग त्याचे वडील आले आणि त्याला दंडाला धरून खाली घेऊन गेले.

तो आवाज आमच्या गाण्यांमध्ये कायमचाच लावलेला आहे, हे मला त्या रात्री कळलं. २००८ साली आलेल्या 'दोस्ताना' या हिंदी चित्रपटात भाड्याचं घर मिळावं म्हणून दोन तरुण समलिंगी असल्याचं सोंग करतात. त्यातलं एक गाणं आम्ही कित्येक वर्षं वाजवलं, कारण ठेका फार छान आहे. पण शब्द काय आहेत? आईचा लाडका बिघडला. त्याच २००८ साली मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानावरून समलिंगी, तृतीयपंथी अशा आम्हा लोकांचा क्विअर आझादी मार्च निघाला होता. रस्त्यावरची माणसं आपण कोण आहोत ते सांगत होती आणि लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही त्यांच्या आयांना सांगत होतो की तुमचा मुलगा बिघडला. त्या गाण्यावर पोटभर नाचलेल्या बाईला आठ दिवसांनी तिचा मुलगा काही सांगायला आला असेल, तर तो काय तोंडाने सांगणार?

हळदीत वाजणारी रिमिक्स गाणी, नवऱ्या मुलाच्या मित्राला 'तसला' म्हणून चिडवणारे सवाल-जवाब, यांच्याबद्दल मी लिहीत बसत नाही. आपण लोकांतून निवडून आला आहात, आपणही ती ऐकली असतील.

हिंदीत अलीकडे थोडं बदललं आहे. 'शुभ मंगल ज्यादा सावधान' २०२० साली आला, 'बधाई दो' २०२२ साली. या चित्रपटांत आमच्यासारख्यांच्या वाट्याला साधी, हळवी प्रेमगीतं आली, हसू न आणणारी. तशी हिंदीत आम्हाला पूर्वीपासून थोडी पळवाट होती. उर्दू गझलेत प्रेयसीलाही पुल्लिंगी क्रियापद लावायची जुनी रीत, ती सिनेगीतांत उतरली. शिवाय दोस्तीची गाणी होती. १९७५ च्या 'शोले'मध्ये मोटरसायकलवर दोन मित्र गातात ते गाणं माझ्या वयाच्या किती मुलांनी कुणाला मनात धरून म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही.

मराठीत मात्र लपायला जागा नाही, कारण आपली भाषा वाक्याच्या शेवटी विचारतेच: तो की ती? 'मी आलो' म्हटलं की कळलं, 'तू आलीस' म्हटलं की कळलं. नववीत असताना मला शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा आवडायचा. त्याच्यासाठी मी वहीत गाणी लिहायचो. वही कुणाच्या हाती लागली तर, या भीतीने एक युक्ती सापडली होती. मराठीत भविष्यकाळाला लिंग नसतं. मी थांबेन, तू येशील, आपण भेटू. बाईंना वाटावं मुलीसाठी लिहिलंय, मला ठाऊक असावं कुणासाठी. वहीभर गाणी, सगळी भविष्यकाळातली. त्यात कुणी कधी आलं नाही, कारण 'आला' लिहिलं असतं तर पकडला गेलो असतो. व्याकरणाचे आमचे मास्तर जिवंत असते तर त्यांना हे सांगितलं असतं. त्यांना भाषेतल्या अशा गोष्टींचं फार कौतुक असे.

मुलींचं तर याहून अवघड. मराठी गाण्यात सखी पावलोपावली आहे, पण ती फक्त निरोप पोचवते. जा सखये, त्याला सांग. सखीवरच कुणाचा जीव जडला, असं गाणं आमच्याकडे फर्माईशीच्या हजार चिठ्ठ्यांत एकदाही आलं नाही. आमची एक गायिका पुरुषांची गाणी आपल्या पट्टीत गाते आणि 'तू आलीस'चं 'तू आलास' करत नाही. लोकांना वाटतं मूळ शब्द जपले. तिसऱ्या रांगेत एक बाई बसलेली असते, तिला काय ते कळतं. एवढ्याशा 'लीस'वर त्या दोघींनी चौदा वर्षं काढली आहेत.

यावर कुणी म्हणेल, ही थेरं आपल्या संस्कृतीत बसत नाहीत. संस्कृती हे आपलं खातं, म्हणून यावर सविस्तर लिहितो. ज्ञानोबामाउली विरहिणी झाले. 'घनु वाजे घुणघुणा' म्हणताना त्या संन्याशाच्या मुलाने बाईचा जीव घेतला आणि कान्हाला लवकर भेटवा म्हणून विनवलं. गवळणी नाथांनी लिहिल्या, तुकोबांनी लिहिल्या. पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्या म्हणजे पुरुषांनी बाईच्या तोंडून बोललेली शृंगाराची भाषा, आणि फडावर ती सादर करायला बाईच्या वेशातला नाच्या पोऱ्या. पुढे संगीत नाटकात बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले तर अख्खा महाराष्ट्र वेडा झाला. संत समलिंगी होते असं मी म्हणत नाही. त्यांची भक्ती वेगळी, तिला हात लावायची माझी लायकी नाही. पण पुरुषाने बाईच्या आवाजात प्रेम गावं याला या भाषेने सातशे वर्षांत नाक मुरडलं नाही. मग पुरुषाने पुरुषाच्या आवाजात गायलं तर तिला जड जाईल, असं मानायला मी तयार नाही.

रंगभूमीला ते जड गेलंच नाही. 'मित्राची गोष्ट'मध्ये विजय तेंडुलकरांनी एका मुलीचं मुलीवरचं प्रेम १९८१ साली मंचावर आणलं. पुस्तकांतही सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही मुलाच्या मुलावरच्या प्रेमाची कादंबरी आहे. गाणंच मागे राहिलं. नाटकाचं तिकीट काढावं लागतं, पुस्तक विकत घ्यावं लागतं. गाणं मात्र भोंग्यातून प्रत्येकाच्या घरात शिरतं, आठवीतल्या मुलाच्या कानात शिरतं, आणि तिथेच नेमकं आमच्यासाठी 'टॉइंग' आहे.

त्याची किंमत काय असते ते गणपत पाटलांना विचारायला हवं होतं. तमाशापटांत त्यांनी नाच्या इतका हुबेहूब रंगवला की लोकांनी त्यांनाच तसं ठरवलं. लग्न झालेला, मुलंबाळं असलेला हा माणूस, पण त्याच्या घरच्यांनाही त्या शिक्क्याचा त्रास झाला. २००८ साली ते गेले. ते तर समलिंगी नव्हतेही. नुसत्या भूमिकेची एवढी किंमत मोजावी लागते, तर जे खरोखर तसे आहेत त्यांचं काय होत असेल?

मंत्रिमहोदय, मी बंदी मागत नाही. हे मोठ्याने सांगतो, कारण आमच्यातही बंदी मागणारे आहेत. बंदीची कुऱ्हाड एकदा हातात घेतली की ती आधी आमच्याच गाण्यावर पडणार, 'अश्लील' म्हणून. शिवाय चित्रपटांचं प्रमाणपत्र केंद्राच्या हातात, आपल्या नाही. जे आपल्या हातात आहे तेवढंच मागतो.

२०२५ साली गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. आपला विभाग उत्कृष्ट मंडळांची स्पर्धा घेतो, बक्षिसं देतो. मंडळं त्या बक्षिसासाठी प्लास्टिक सोडतात, रक्तदान शिबिरं घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग स्पर्धेच्या नियमांत एक ओळ घाला: मंडळाच्या मंचावरून कुणाच्या बायकी-पुरुषी असण्याची, कुणाच्या आवडीची टिंगल होणार नाही. पोलीस नको, दंड नको. गुण कापा. निवेदक त्या एका ओळीला घाबरेल, माझ्यावर विश्वास ठेवा. मंडळाचे गुण गेले तर पुढच्या वर्षीची सुपारी जाते.

प्रभादेवीला आपली पु. ल. देशपांडे कला अकादमी आहे. तिथे वर्षातून एकदा गीतलेखनाची कार्यशाळा घ्या, त्यात आमच्या मुलामुलींना बसवा आणि त्यांच्यासमोर चांगला गीतकार बसवा. आमच्याकडे शब्द आहेत, पण छंद-वृत्त कुणी शिकवलेलं नाही, वह्या गादीखाली आहेत. राज्य चित्रपट पुरस्कारांत गीतकाराला पारितोषिक असतं. ज्या दिवशी असं एखादं गाणं त्या यादीत दिसेल, त्या दिवशी अकादमीच्या फाटकाबाहेरचा चहावाला ते गुणगुणत असेल.

आणि भाषा विभागाशी एकदा बोला. मद्रास उच्च न्यायालयाने विषय लावून धरल्यावर तमिळनाडू सरकारने २०२२ साली आमच्यासाठी सन्मानाच्या तमिळ शब्दांची सूची राजपत्रात छापली. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, मी त्या दिवशी पेढे वाटले. पण आजही मला स्वतःबद्दल गाण्यात बसेल असा मराठी शब्द हवा असेल, तर एक शिवी आहे, एक इंग्रजी शब्द आहे, आणि 'समलिंगी' आहे, जो माझ्या कानाला गाण्यात रुक्ष वाटतो. एवढ्या श्रीमंत भाषेत आम्हाला हाक मारायला गोड शब्द नसावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सहा नंबरच्या पॅडवर मी २०१८ च्या विसर्जनानंतर टाळाचा आवाज लावला. ऑर्केस्ट्राचे मालक दोन वर्षं कुरकुरले, विनोदी स्किटला मजा येत नाही म्हणाले, मग विसरले. तो मुलगा मला परत भेटला नाही. त्याचं कुटुंब वाडी पाडायला घेतल्यावर कुठेतरी विरारकडे गेलं, असं ऐकलं. आता तो अठरा वर्षांचा झाला असेल. त्याला लावणी आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. टॉइंग आठवत असेल.

त्या वहीतलं एक गाणं मी या वर्षी पुन्हा लिहायला घेतलं. शेजारच्या बिल्डिंगमधला मुलगा आता कुठे असतो कोण जाणे, पण मधल्या काळात माझ्या आयुष्यात खरोखर एक माणूस आला आणि राहिला. म्हणून क्रियापदं बदलली. चाल भूपाची आहे, ठेका दादरा, आमच्या ऑर्केस्ट्राने दोनदा तालीमही केली. येत्या गणपतीत एका मंडळाने ते गायला अर्धा होकार दिला आहे. "साहेब काही बोलले तर?" असं कार्याध्यक्ष विचारत होते. साहेब म्हणजे आपण. आपण काय बोलाल ते त्यांना लेखी कळवलंत तर त्यांचा होकार पुरा होईल.

गाणं सोबत जोडलं आहे. मुखडा असा:

पाऊस होता, लोकल नव्हती,
पुलाखाली मी उभा राहिलो;
छत्री मिटुनी तू आलास रे,
आणि मी माझा घरी आलो.

आपला,
परळचा एक ऑक्टोपॅडवादक

सोबत: गीत, दोन कडवी