पाचशे माणसांचा मेळावा करावा काय?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रांना उत्तर धाडायचे राहून गेले, त्याबद्दल तू मनातल्या मनात जे काही म्हटले असशील ते मी ऐकले असे समज. माझी प्रकृती ठीक आहे. पाठ अधूनमधून कुरकुरते, पण मी तिच्याकडे लक्ष देत नाही आणि तीही माझ्याकडून फारशी अपेक्षा ठेवत नाही. पत्रास कारण की, गेल्या रविवारच्या आपल्या जिओकॅशिंगच्या मेळाव्यात एक गोष्ट घडली जी तुझ्याखेरीज कोणालाही सांगून उपयोग नव्हता, आणि त्याच संध्याकाळी मंडळींनी माझ्यापुढे असा एक प्रस्ताव ठेवला आहे की तेव्हापासून माझी झोप नीट होत नाही.

आधी घडलेले सांगतो. भेटीगाठी आटोपल्यावर सारा जमाव रानातल्या नव्या कॅशकडे, म्हणजे जीपीएसच्या मदतीने शोधायच्या लपवलेल्या डबीकडे, निघाला, कारण रिव्ह्यूअरने, म्हणजे नव्या कॅश तपासून मंजूर करणाऱ्याने, ती त्याच सकाळी प्रसिद्ध केली होती आणि पहिला शोधक होण्याचे वेड आपल्याकडे अजून तसेच आहे. तीस-चाळीस माणसे आणि प्रत्येकाच्या हातात फोन. उघड्या आकाशाखाली चांगला फोन चार-पाच मीटरपर्यंत नेमकी जागा दाखवतो; दाट झाडीत संकेत पानांत अडतात, खडकांवर आदळून वळसा घेऊन येतात आणि बाण जागच्या जागी गिरक्या घेऊ लागतो. त्यामुळे जितके फोन तितक्या जागा, आणि प्रत्येक जण आपापल्या जागेभोवती ठामपणे फिरत होता. पाच मिनिटांत कोणीतरी ओरडले, ‘सापडली!’, आणि तिथेच खेळ संपला. मागच्यांनी तर ते झाडही पाहिले नव्हते. डबी लहान, तिच्यातला कागद त्याहून लहान. एकाने सर्वांची नावे त्यावर दाटीवाटीने लिहायला घेतली, निम्मी लिहून होताच कागद भरला, आणि उरलेल्यांनी ‘आमची शोधात नोंद झाली असे धरा’ म्हणत परतीची वाट धरली. मागे वळून पाहिले तेव्हा झाडाच्या बुंध्याभोवतीचे सारे गवत भुईसपाट झाले होते. पुढच्या शोधकाला आता जीपीएसची गरज नाही. तुडवलेल्या गवताचा माग काढत तो थेट डबीपर्यंत पोहोचेल.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. या हंगामात आलेली एक मुलगी त्या घोळक्यात होती. ती कोणाशी फारसे बोलत नाही. ओरडा होण्याच्या कितीतरी आधी तिची नजर बुंध्याच्या खोबणीवर क्षणभर थांबलेली मी पाहिली. तिने हात लावला नाही, काही म्हटले नाही. ती सावकाश पुढे गेली, वीसेक पावलांवरच्या दगडावर बसली आणि पाठपिशवीचा पट्टा सैल-घट्ट करू लागली. अरे, ही तर तुझी बुटाची नाडी! डबी दिसली की तू असाच लांब जाऊन नाडी बांधायला बसायचास, म्हणजे बाकीच्यांना स्वतःहून शोधता यावे. पुढे पुढे तुझी नाडी म्हणजेच इशारा हे सर्वांना कळले आणि तू मुद्दाम भलत्याच ठिकाणी बसून नाड्या बांधू लागलास, त्यात नकाशेवाल्या काकांनी अर्धी दुपार एका निरपराध झुडपाची झडती घेतली होती. या मुलीला ही रीत कोणी शिकवलेली नाही. परतताना मी तिला विचारले, तर ती म्हणाली, ‘इतरांचे शोधणे व्हायचे होते ना.’ तिचे नाव त्या कागदावर मावले नाही, आणि त्याचे तिला काही वाटलेले दिसले नाही.

आणि त्याच संध्याकाळी प्रस्ताव आला. तरुण मंडळींना पुढच्या वर्षी आपल्या विभागाचा मेगा मेळावा भरवायचा आहे. मेगा म्हणजे पाचशे किंवा त्याहून अधिक उपस्थिती, हे तुला मी सांगायला नको. त्यांच्यापाशी म्यूनिकची छायाचित्रे आहेत. 2014 मध्ये तिथे पहिला गीगा मेळावा भरला, आणि गीगासाठी किमान पाच हजार माणसे लागतात, तर आपल्याला पाचशे का जमू नयेत, असा त्यांचा सवाल आहे. सवाल चुकीचा नाही. त्यांनी वाहने उभी करण्याच्या जागेपासून स्वच्छतागृहांपर्यंत सगळ्याचा आराखडा केला आहे, जागेच्या मालकाशी प्राथमिक बोलणे केले आहे आणि प्रमुख म्हणून माझे नावही लिहून टाकले आहे. मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. ‘विचार करतो’ म्हणालो, ज्याचा अर्थ आपल्या मंडळात काय होतो हे तुला ठाऊक आहे.

मला भीती गर्दीच्या व्यवस्थेची नाही. व्यवस्था शिकता येते. इतकी माणसे एका ठिकाणी आली की मोबाइलचे जाळे गुदमरते, म्हणून कॅशची यादी आणि नकाशे आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून घ्यायला सांगावे लागेल. रानात जाणाऱ्या प्रत्येक तुकडीची जाताना आणि येताना शिरगणती करावी लागेल, कारण दमलेला माणूस कोणाला न सांगता घरी निघून जातो आणि मागचे त्याला अंधार पडेपर्यंत हाका मारत बसतात. अक्षांश-रेखांशाचा छापील कागद दोघांनी तपासल्याशिवाय वाटायचा नाही, हा नियम तर या वेळीच केला. का ते ऐक आणि पोट धरून हस. आपल्या खेळात अंश आणि दशांश मिनिटे लिहितात, फोनमधले नकाशे बहुधा दशांश अंश मागतात. आपल्या नव्या स्वयंसेवकाने 30.500 मिनिटांचे सरळ 0.305 अंश केले, प्रत्यक्षात ते 0.508 होतात, कारण मिनिटांना साठाने भागायचे असते. अक्षांशातली ही चूक जमिनीवर सुमारे साडेबावीस किलोमीटर भरते. एक गाडी खरोखरच तिकडे गेली. त्यातल्या गृहस्थांनी तिथून फोन करून विचारले, ‘मंडळी अजून आली नाहीत वाटते?’

हसून झाले असेल तर मूळ मुद्द्याकडे ये. मला भीती वाटते ती याची की पाचशे जणांच्या मेळाव्यात त्या मुलीला बसायला दगड उरणार नाही. शोध ही एका माणसाच्या डोळ्यांची गोष्ट आहे. फार तर चौघांची. त्यापुढे एक शोधतो आणि बाकीचे उपस्थित राहतात. इथे तू मान हलवत असशील, कारण आपले जुने भांडण नेमके इथूनच सुरू व्हायचे. मी म्हणायचो की हा खेळ एकट्यासाठी जन्मला: 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनच्या रानात एकट्याने जाऊन बादली ठेवली, त्यांच्यासोबत स्वागत समिती नव्हती. त्यावर तुझे उत्तर ठरलेले असे: आणि त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, मार्च 2001 मध्ये, टेक्सासमधल्या ऑस्टिनला लोक पहिल्या मेळाव्यासाठी जमले, कारण एकट्याने शोधलेले कोणाला तरी सांगावेसे वाटतेच. तुझे म्हणणे असे की मेळावा सांगण्यासाठी, शोध शोधण्यासाठी. दोन्हींची खिचडी करू नये. मी तुला तेव्हा अव्यवहारी म्हटले होते, आणि अजूनही म्हणतो, कारण नुसत्या गप्पांसाठी माणसे इतका प्रवास करत नाहीत. पण नियमावली तुझ्या बाजूची आहे हे मान्य करायला हवे. मेळाव्याच्या पानावर नोंदलेल्या ठिकाणी किमान अर्धा तास भेट व्हावी, तो सर्वांना खुला असावा आणि निव्वळ सामूहिक शोधमोहीम हा त्याचा उद्देश नसावा, असेच तिचे म्हणणे आहे. ‘उपस्थित’ अशी नोंद करायला वहीत सही करण्याचीही सक्ती नाही. तू ही कलमे तोंडपाठ म्हणायचास तेव्हा तुझा इतका राग यायचा की मी ती मुद्दाम वाचलीच नव्हती.

शिवाय नकाशेवाल्या काकांची गोष्ट आहे. ते आता चाकांच्या खुर्चीवर असतात. ही बातमी तुला कोणी सांगितली नसेल तर अशी सांगण्याबद्दल क्षमस्व. त्यांना यायचे असते, म्हणून मेळाव्याची जागा आम्ही भूभागाच्या पहिल्या श्रेणीतलीच निवडतो, म्हणजे खुर्ची सरळ नेता येईल अशी. भेटीच्या तासात ते राजे असतात. ट्रॅकेबलची, म्हणजे एका कॅशमधून दुसरीत फिरणाऱ्या क्रमांकित वस्तूंची, देवाणघेवाण त्यांच्याच टेबलावर चालते आणि कोणता कुठून कुठे फिरून आला हे ते बघता बघता सांगतात. मग जमाव रानाकडे निघतो आणि टेबलापाशी ते आणि पाठपिशव्यांचा ढीग एवढेच उरते. मेगामध्ये हे अधिक होईल की कमी, हे मला खरोखर ठरवता येत नाही. पाचशेंतले शंभर तरी बसून राहणारे असतील, म्हणजे काकांना उलट अधिक श्रोते मिळतील, असेही वाटते.

सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. मंडळींना मेळाव्यासाठी रानात ओळीने नव्या कॅश लावायच्या आहेत, दोन कॅशमधले 161 मीटरचे किमान अंतर राखून, म्हणजे नियमात बसेल आणि पाहुण्यांच्या शोधांचे आकडेही फुगतील. मी विचारले, नंतर काय? एकाने सांगितले, ‘नंतर काढून टाकू.’ प्रसिद्ध केलेली कॅश किमान तीन महिने तरी राहावी लागते, आणि राहते तेव्हा तिला कोणीतरी मालक लागतो. ओला झालेला कागद बदलायचा, तुटलेले झाकण बदलायचे, ‘सापडली नाही’ अशा नोंदी साचल्या की स्वतः जाऊन पाहायचे. पावसाळ्यानंतर ही कामे कोण करतो हे तुला माहीत आहे, कारण तू गेल्यापासून तुझ्या डब्यांची कामे मीच करतो. तुझी ती काठिण्य पाचची, म्हणजे सर्वांत अवघड श्रेणीतली, कोड्याची कॅश अजून कोणी सोडवत नाही. तिचा कागद कोरा आणि कोरडा आहे, त्यामुळे तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी मनाशी एक मधला मार्ग बांधला आहे, त्याची चिरफाड तू कर. मेळावा मोठा होऊ द्यावा, पण तो भेटीचाच. नव्या कॅश मोजक्या, प्रत्येकीला मेळाव्याआधी ठरलेला मालक, आणि रानात एका वेळी चार जणांहून मोठी तुकडी सोडायची नाही. तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी आणि अंतराअंतराने निघतील. प्रत्येक तुकडीत एकच यंत्र चालू. शेवटचे दहा मीटर तेही खिशात. ज्याला दिसेल त्याने ओरडायचे नाही, लांब जाऊन बसायचे; सर्व जण बसले की डबी उघडायची आणि कागदावर तुकडीचे एकच नाव लिहायचे. होय, ही तुझीच नाडी आहे, नियम म्हणून. आणि इथेच माझे अडते. त्या मुलीने जे आपणहून केले ते पाचशे जणांकडून सूचनापत्रकाने करवून घ्यायचे, म्हणजे त्यातले काय शिल्लक राहील? तरुणांपैकी एकाला मी ही कल्पना चाचपून पाहायला सांगितली, तर तो म्हणाला की पहिल्या शोधकाचे नाव कसे ठरवायचे. मला उत्तर सुचले नाही. तुला सुचेल, कारण तू पहिला शोधक असूनही दुसऱ्याचे नाव वर लिहू दिलेस ते प्रकरण मला आठवते, आणि त्यावरून आपण महिनाभर बोलत नव्हतो तेही.

तुझ्या नव्या नोकरीचे कळले, अभिनंदन. गुडघा कसा आहे? मुलीची परीक्षा झाली असेल. वहिनींना नमस्कार सांग. मी अजून तितकाच हट्टी आहे का, असे त्यांनी विचारले तर हे पत्र दाखवू नकोस.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. मेगाला हो म्हणू की नको, हे आडपडदा न ठेवता लिही. माझ्या मधल्या मार्गाला तू शेळपट म्हणालास तरी चालेल. आणि पुढचा छोटा मेळावा तुझ्या सोयीने ठेवू, तेव्हा तारीख कळव. पान दोन आठवडे आधी मंजुरीला पाठवावे लागते आणि जागेच्या मालकाची परवानगी त्याहीआधी, म्हणून तुझ्या नेहमीच्या सवयीने आदल्या दिवशी कळवू नकोस. येताना त्या कोड्याचे उत्तरही आण. काकांनी पैज लावली आहे की ते आता तुलाही येत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
तोच