शरद ऋतूतील पाहुण्यांबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

दिवस लहान होऊ लागलेत. तारांवर भिंगऱ्यांचे थवे जमताना दिसले, की त्यांच्या स्थलांतराची वेळ आली समजायचं. बरेच छोटे पक्षी रात्रीच प्रवास करतात आणि झगझगीत दिव्यांमुळे भरकटतात. म्हणून अंगणातले, गोठ्याबाहेरचे दिवे गरजेपुरतेच लावा, ही कळकळीची विनंती. काही चिमुकले पक्षी निघण्यापूर्वी चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतात. बांधावरची झुडपं आणि त्यांवरची फळं हीच त्यांची शिदोरी, तेव्हा छाटणी थोडी पुढे ढकला.

पालापाचोळा किंवा सरपणाचा ढीग पेटवण्याआधी तो काठीने हलकेच बाजूला सारून पाहा. आत बेडूक, साप, एखादं लहान जनावर आसऱ्याला असू शकतं. हात मात्र घालू नका.

हरणांच्या अनेक जातींचा हा मिलनाचा हंगाम. पहाटे आणि तिन्हीसांजेला गाडी सावकाश चालवा. एक हरण रस्ता ओलांडून गेलं तरी लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरं येतंच बहुधा.

कोंबड्यांची खुराडी अंधार पडण्याआधी बंद करा. खरकटं उघड्यावर नको.

जखमी प्राणी दिसल्यास त्याला काही खाऊ-पिऊ न घालता गटात ताबडतोब ठिकाण कळवा.