काका, तुम्ही मला आधी आवाज ऐकायला लावलात

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. जुनी गाडी सांभाळणाऱ्या आणखी कुणाच्या हे उपयोगी पडलं तर तुम्हाला त्याचाच जास्त आनंद होईल, हे मला माहीत आहे.

बाबांच्या गाडीचं, म्हणजे मोटरसायकलचं, इंजिन खडखडायला लागलं तेव्हा मी पार धास्तावलो होतो. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. कुणी म्हणे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), कुणी म्हणे बोअर-पिस्टन गेला. एकानं तर गाडीजवळ न येताच इंजिन उघडायला सांगितलं, आणि मीही तयार झालो होतो. तुम्ही मात्र पान्याला हातच लावला नाहीत. मलाच विचारत बसलात. आवाज इंजिन थंड असताना जास्त की तापल्यावर? रेस दिली की वाढतो की दबतो? रेस सोडताना काय होतं? क्लच दाबला तर फरक पडतो का? एकाचंही उत्तर मला धड देता आलं नाही. महिनाभर त्या आवाजाची काळजी करत होतो, पण तो नीट ऐकला कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून तुम्ही मला शेजारी बसवलंत. क्लच दाबून पाहिला, आवाज तसाच, म्हणजे क्लचवरचा संशय गेला. टॅपेट कसा ओळखायचा तेही तेव्हाच कळलं. क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एक फेरी होते, त्यामुळे टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीनं, शिवणयंत्रासारखी एका लयीत चालते. क्रँकवरून कॅम फिरवणारी इंजिनातली चेन सैल असेल तर अशी लय नसते. ती गाइडवर, म्हणजे तिला जागेवर ठेवणाऱ्या पट्टीवर, आपटत राहते, आणि आमच्या गाडीत आयडलिंगला आणि रेस सोडताना नेमकं तेच ऐकू येत होतं.

मग तो लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानापुढच्या हाडाला. हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) टेकवला तर बारीक टिकटिक. क्लचच्या झाकणावर नुसती घरघर. आणि सिलिंडरच्या मागे, ही चेन ताणून धरणारा टेन्शनर बसतो तिथे टेकवला, तर डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज थेट डोक्यात शिरला. तो क्षण मी विसरणार नाही.

तरीही तुम्ही लगेच काही उघडू दिलं नाहीत. आधी ऑइलची पातळी बघितली. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला टॅपेट सेट केले. टिकटिक गेली, खडखड राहिली. आता कुठे टेन्शनरची पाळी आली.

पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी वर आणून मॅग्नेटोवरची (क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) टी खूण जुळवली, मगच टेन्शनर काढलात. मी सवयीनं क्रँक फिरवायला गेलो, तर तुम्ही माझा हात घट्ट धरलात. टेन्शनर बाहेर असताना क्रँक फिरला तर चेन दात सोडते, टायमिंग चुकतं, आणि तसंच इंजिन सुरू केलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. त्या दिवशी तुमचा हात तिथे नसता तर काय झालं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

टेन्शनर माझ्या हातात देऊन म्हणालात, "प्लंजर अंगठ्यानं दाब." प्लंजर म्हणजे चेनला ताण देणारा दांडा; त्याला मागे सरकू न देणाऱ्या दातेरी रॅचेटचा खटका सोडवल्याशिवाय तो तसूभरही आत जाता कामा नये. तो मऊपणे आत गेला. उजेडात धरला तर दोन-तीन दात घासून गुळगुळीत झालेले दिसले. खटका तिथे टिकत नव्हता, म्हणून चेनचा ताण टिकत नव्हता. बोअर, पिस्टन सगळं शाबूत होतं.

नवा टेन्शनर प्लंजर पूर्ण आत दाबून, नवं पॅकिंग घालून बसवला. स्प्रिंग आणि बोल्ट लावताना आतून आलेलं कट् कट् तुम्ही मला मोजायला लावलंत. प्लंजर निम्माच बाहेर आला होता, म्हणजे चेनमध्ये अजून जीव होता. मग पान्यानं क्रँक दोन फेऱ्या सावकाश फिरवून खुणा पुन्हा तपासल्या आणि इंजिन सुरू केलं. बाबा आतून बाहेर आले आणि काहीही न बोलता गाडीजवळ उभे राहिले. काका, त्यांचा तो चेहरा मला तुमच्यामुळे पाहायला मिळाला.

कट् कट् चा तो आकडा मी मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवलाय. पुढे टेन्शनर काढू तेव्हा प्लंजर किती पुढे सरकला ते त्यावरून कळेल. त्या वेळी शेजारी बसायला नक्की या. पाना मी धरीन.

तुमचा ऋणी,
खडखडणाऱ्या गाडीवाला पुतण्या