कढीपत्त्याला डेंग्यू झाला होता का?

संपादक महोदय,

कालच्या अंकात झाडाझुडपांवर औषध मारून डास आवरणार ही बातमी वाचली, फोटोपण पाहिला. पंप पाठीला, मास्क हनुवटीला आणि फवारा थेट जास्वंदीच्या शेंड्यावर. अहो, डास काय शेंड्यावर ऊन खात बसतो? दिवसा तो सावलीत, पानाच्या खालच्या अंगाला दडून बसतो, वरून आंघोळ घातली की झाड धुऊन निघतं, डास तिथेच. आणि डेंग्यूवाला तर बहुतेक घरातच, पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटात, त्याला तुमच्या बागेशी काय देणंघेणं.

मलाही हे आधी कुठे माहीत होतं. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी सोसायटीने बोलावलेली माणसं आली, ना नोटीस ना व्हॉट्सअॅप, आणि मागच्या कढीपत्त्यावर मारून गेली. अर्ध्या तासाने सूनबाई पोह्यांसाठी दोन डहाळ्या तोडून घेऊन आली, फोडणीत टाकल्या आणि असा वास सुटला की अख्खी कढई केराच्या डब्यात. त्याच झाडावर लिंबू फुलपाखराच्या अळ्या होत्या, नातू रोज मोजायचा, ११ होत्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या खाली पडलेल्या. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणे, काकू, माणसं महत्त्वाची की अळ्या? बरं.

१५ दिवसांनी नातवालाच डेंग्यू. मग तपासणीला दोन मुली आल्या, गच्ची बघितली, कुंड्यांखालच्या ताटल्या बघितल्या आणि शेवटी टीव्हीशेजारची माझी मनीप्लांटची बाटली उजेडात धरली. आत वळवळ! आता काय बोलणार. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे बाटली दर आठवड्याला घासून धुवायची, नुसतं पाणी बदलून भागत नाही कारण अंडी काचेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, हे त्यातल्या एकीने सांगितलं, तेही न ओरडता. सेक्रेटरींना हे मी अजून बोललेले नाही, तेव्हा माझं नाव कृपया छापू नका.

त्या पंपाच्या पैशात अशा चार मुली आणखी ठेवा ना. आणि मारायचंच असेल तर आदल्या दिवशी सांगा, फुलांवर तर नकोच, तिथे मधमाश्या येतात आणि त्याही मरतात.

जाता जाता, शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं बंद केलंत का? मंगळवारचं आडवं १४ अजून अडलंय.

आपली एक वाचक,
नेरूळ, नवी मुंबई