डीएनएसवाल्या काकांचे जाहीर आभार

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

त्या शनिवारी तुम्ही फोनवर आधी 'हात काढ त्या सर्व्हरवरून' म्हणालात आणि नमस्कार मागाहून घेतलात. त्याबद्दल चारचौघांत आभार मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

आमच्याकडे नव्वदेक पीसी. कुठल्या नावाच्या पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता काय, ही यादी डीएनएस सर्व्हर ठेवतो. हिशेब विभागातल्या सात नंबरला नावाने रिमोट जोडलं की गोदामातला लॅपटॉप समोर यायचा. नाव बरोबर, पत्ता शिळा. मी नेटवर्कवरची देवाणघेवाण टिपणारं वायरशार्क लावलं, तर पीसीने नवा पत्ता नोंदवायला पाठवलेल्या अपडेटला सर्व्हरचं उत्तर 'रिफ्यूज्ड', म्हणजे नकार. घाबरून झोन, म्हणजे ती यादी, 'सिक्युअर ओन्ली'वरून (फक्त ओळख पटलेल्यांचेच बदल) 'नॉनसिक्युअर अँड सिक्युअर'वर (कुणाचेही बदल) नेऊन ठेवला. सात नंबर लगेच सुधारलं, मी खूश! तुम्ही म्हणालात, "कुलूप उघडेना म्हणून दारच उचकटलंस. आता कुणीही कुणाच्याही नावावर आपला पत्ता लिहील."

मग शांतपणे उलगडून सांगितलंत. विंडोज आधी सहीशिवाय अपडेट पाठवून बघतं. सिक्युअर झोन ते नाकारणारच. मग मशीन कर्बेरॉसची, म्हणजे डोमेनमधल्या ओळख पटवण्याच्या यंत्रणेची, सही घेऊन परत येतं. मी पहिला नकार पाहूनच वायरशार्कचं कॅप्चर बंद केलं होतं. खरा आजार दुसऱ्या नकारात होता. झोन परत सिक्युअर करून, मी बदल करण्याआधीच्या स्थितीत अडकलेलं दुसरं एक मशीन तुम्ही उघडायला लावलंत. त्याच्या डीएनएस नोंदीच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, सिक्युरिटी टॅबवर मशीनच्या नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारी आकड्यांची लांबलचक माळ, म्हणजे उडालेल्या खात्याचा ओळख क्रमांक. ही मशीनं मीच फॉरमॅट केली होती, डोमेनमधली (ऑफिसच्या मशीनच्या मध्यवर्ती नोंदवहीतली) जुनी खाती उडवून त्याच नावांनी पुन्हा जोडली होती. नाव तेच, पण डोमेनच्या लेखी मशीन नवं. सातबाऱ्यावर मयताचं नाव तसंच आणि वारस नोंदीसाठी खेटे घालतोय, तशी गत. रेकॉर्ड काढला, मशीनवर 'आयपीकॉन्फिग'ला 'रजिस्टरडीएनएस' जोडून चालवलं, दोन मिनिटांचं काम.

बाकीचं तुम्ही सांगितलंत तसं केलं. मशीनना एकगठ्ठा सेटिंग लावणाऱ्या ग्रुप पॉलिसीत डीएनएस क्लायंटखाली अपडेट सिक्युरिटी लेव्हल 'ओन्ली सिक्युअर', पण आधी चारच मशीनच्या ओयूवर, म्हणजे डोमेनमधल्या गटावर. व्हीपीएनच्या अडॅप्टरवरची पत्ता नोंदवण्याची टिक काढली. स्कॅव्हेंजिंग, म्हणजे शिळ्या नोंदी आपोआप झाडणं, झोनवर आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे चालू केलं. नोंद शिळी ठरवण्याचे ७ आणि ७ दिवसांचे दोन्ही कालावधी तसेच ठेवले. हाताने घातलेल्या रेकॉर्डना टाइमस्टँप नसतो, म्हणून ते झाडले जात नाहीत, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी प्रिंटरच्या नोंदींच्या काळजीने ते चालूच केलं नसतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, यावर आमचे साहेब अजून विश्वास ठेवत नाहीत. ते तुमचं बिल मागताहेत. निदान शून्य रुपयांचं तरी पाठवा.

आपला,
सात नंबरवाला